शब्द सुचवा: 'लेगसी प्रेफरन्स' आणि 'अर्ली डिसिजन'

अनुस्वार:
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशात लेगसी प्रेफरन्स (आईबाप तिथेच शिकले असतील तर मुलाला जास्त वजन) आणि अर्ली डिसिजन ('घेतलंत तर येईन' असं बांधून घेऊन एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) यांवर बंदी हवी का, असा विषय. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात २०२२ साली दोन्ही एकदम बंद करणारं विधेयक मांडलं गेलं, तिथून लेख सुरू होतो आणि तिथेच मी अडलेय. 'वारसा प्राधान्य' लिहिलं तर आई म्हणाली, "म्हणजे अजिंठा-वेरूळ का?" दुसऱ्याला 'पूर्वनिर्णय' केलंय. तेही घशाखाली उतरत नाही.

तिरफळ:
आईंचा कान तयार आहे. 'जागतिक वारसा'ने त्या शब्दाला इतकी झिलई दिलीय की वारसा म्हटलं की जपायलाच हवा असं वाटतं. तुमच्या लेखात तर तो मोडायचा की नाही हाच वाद आहे. तलाठ्याकडची 'वारस नोंद' आठवा, तिथे झिलई नाही. शिवाय तिकडच्या बोलण्यात 'लेगसी' हे त्या मुलालाच म्हणतात: अमका लेगसी आहे. म्हणून 'वारस' घ्या, 'वारसा' नको.

पावशेर:
सरळ 'लेगसी कोटा' लिहा की. व्यवस्थापन कोटा, इनहाउस कोटा, सगळ्यांना कळतं.

तिरफळ:
कळेल, पण चुकीचं कळेल. कोट्यात जागा मोजून बाजूला काढलेल्या असतात. अकरावीला इनहाउसच्या १० टक्के, व्यवस्थापनाच्या ५ टक्के. लेगसीत अशा जागा नसतात. अर्ज सगळ्यांबरोबरच वाचतात. आई किंवा बाप तिथलाच पदवीधर दिसला की पारडं जरा खाली जातं. आमच्या गल्लीतला वाणी ओळखीच्या घरचं पोर आलं की डाळ तोलून झाल्यावर वरून अर्धी मूठ टाकायचा. वजन तेच, पैसे तेच, वरची मूठ बापाच्या ओळखीची. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: झुकतं माप.

जुनी वही:
मग 'वशिला' का नको?

तिरफळ:
वशिला चोरून लावतात. इथे आईवडील कुठे शिकले हा रकाना अर्जातच छापलेला असतो, आणि हे वजन धरतो असं विद्यापीठ स्वतःच सांगतं. वशिल्याचं तट्टू दावणीला छापील पाटी लावून उभं राहत नाही.

जुनी वही:
मान्य. माझं मत 'वतन'ला. मूळ अरबी, अर्थ मायदेश. हिंदीत तोच राहिला, मराठीत मात्र पिढीजात हक्क झाला. आणि आपण तो कायद्याने मोडलाय: परगणा-कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२च्या. तिकडेही राज्यागणिक तेच चाललंय. कोलोराडोने २०२१ मध्ये सरकारी विद्यापीठांपुरती बंदी घातली, व्हर्जिनियाने २०२४ मध्ये. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी खाजगीही घेतली आणि देणगीदारांची मुलंही. शिक्षा काय, तर नियम मोडणाऱ्याचं नाव न्याय खात्याच्या संकेतस्थळावर टाकायचं! स्टॅनफर्डने त्यावर राज्याचं कॅल ग्रँट, म्हणजे विद्यार्थ्यांना फीसाठी मिळणारी सरकारी मदत, नाकारलं आणि वारस ठेवले. वतनदाराला शोभेलसंच.

अनुस्वार:
'वतन' मथळ्यात वापरीन, झकास आहे. मजकुरात नको, कारण वतन हमखास मिळायचं आणि लेगसीवाल्यांनाही नकार येतात. मजकुरात 'वारसांना झुकतं माप'. (आमचा दादा मास्टर्स तिथल्याच एका नामांकित ठिकाणी झालाय. पाच वर्षांपूर्वी या प्रकाराला शिव्या द्यायचा. मुलगी अकरावीत गेल्यापासून "राहू दे की" म्हणतो.)

आता दुसरा शब्द.

पावशेर:
'पूर्वनिर्णय'ला काय झालं?

जुनी वही:
निर्णय कोणाचा, ते कळत नाही. कॉलेजने लवकर निकाल लावला असं वाटतं. खरं तर आधी मुलगा बांधला जातो. नोव्हेंबरात एकाच कॉलेजला असा अर्ज करायचा, 'घेतलंत तर येईन' म्हणून लिहून द्यायचं, खाली मुलगा, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तीन सह्या. डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. ही चक्क सुपारी फुटली!

तिरफळ:
सुपारी खरी, पण उलट्या क्रमाने. आपल्याकडे आधी बैठक, देण्याघेण्याची याद, मग सुपारी. इथे सुपारी आधी फोडायची आणि शिष्यवृत्ती किती ते होकाराबरोबर कळणार. अगदीच परवडत नसेल तर सुटका मिळते, पण चार घरच्या यादी शेजारी ठेवून ताडून बघता येत नाही. ज्याला फी बघावीच लागत नाही तो बिनधास्त सुपारी फोडतो. वारसांचं माप काय, ही सुपारी काय, दोन्ही खात्यापित्या घरांच्याच सोयीच्या; एकाच विधेयकात आल्या त्या यामुळेच. लेखात हे दोन ओळींत सांगा, नाहीतर वाचक विचारेल की वारसाचा आणि तारखेचा संबंध काय.

पावशेर:
'सुपारी अर्ज' छापलात तर लोक मुंबईचं गँगवॉर समजतील.

अनुस्वार:
हाहा, तेही खरं. 'बांधील अर्ज' करते. कोणी कोणाला बांधलं ते त्यात दिसतं. सुपारीचा दाखला खाली देईन. आई विचारतेय, 'अर्ली ॲक्शन'ला मग काय म्हणायचं? लवकर अर्ज, लवकर निकाल, पण बंधन नाही.

जुनी वही:
कांदेपोहे.

तिरफळ:
आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डचं ते अटीवालं? तिथे लवकर अर्ज केला की दुसऱ्या खाजगी कॉलेजात बहुधा लवकर करता येत नाही.

जुनी वही:
कांदेपोहेच, पण तोपर्यंत दुसऱ्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही.