मदत हवी आहे: नववीच्या इंग्रजीसाठी मुलांचा पॉडकास्ट

पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, नववीत ४८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हाताशी दोन स्मार्टफोन आणि संगणक खोलीत ऑडॅसिटी (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर). विषय महात्मा फुले मंडई. चाचणी रेकॉर्डिंगमध्ये पोरं कागद बघून एका सुरात वाचतात, वर्गात आवाज घुमतो, फोनवरची फाइल ऑडॅसिटीत उघडत नाही. शिवाय भाजीवाल्या मावशी इंग्रजी कुठून बोलणार?

प्रतिसाद १
फाइल बहुधा एम४ए प्रकारची असेल. विंडोजवर ती उघडायला एफएफएमपेग हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं. नाहीतर रेकॉर्डर ॲपमध्ये फाइलचा प्रकार वेव्ह निवडा. व्हॉट्सॲपवरून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

घुमण्याचं कारण फरशी आणि उघड्या भिंती. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांसमोर बसवा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, तोंडापासून वीतभर आणि जरा कडेला. अगदी समोर धरला की प्रत्येक 'प'ला फुस्स ऐकू येतं. सुरुवातीला ५ सेकंद सगळे गप्प. तेवढा तुकडा ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला (मागची घरघर कमी करण्याच्या सोयीला) नमुना म्हणून लागतो. कपात १२ डेसिबलच्या पुढे नेऊ नका, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

प्रतिसाद २
संहिता हातात असली की वाचनच होणार. गटाच्या ३ मिनिटांच्या भागाला साधारण ३५०-३९० शब्द लागतात. लिहून घ्या, तपासा आणि रेकॉर्डिंगआधी कागद काढून घ्या. हातात एकच कार्ड: सहा मुद्दे आणि अवघड शब्द, जोर कुठे ते अधोरेखित करून. 'फोटोग्राफ'ला जोर पहिल्या उच्चारखंडावर ('फो'), 'फोटोग्राफर'ला दुसऱ्यावर ('टॉ'). सूर इथेच सपाट होतो. चुकलं तर टाळी वाजवून तेच वाक्य पुन्हा. टाळीचं टोक पडद्यावर उठून दिसतं, कापायला सोपं जातं.

मावशींना मराठीतच बोलू द्या! ४-५ सेकंद त्यांचा आवाज, मग तो खाली आणि वर मुलांचं इंग्रजी. ऑडॅसिटीत हे ऑटो डकनं (एक आवाज आला की दुसरा आपोआप खाली नेणाऱ्या सोयीनं) होतं: मराठीचा ट्रॅक वर, इंग्रजीचा लगेच त्याखाली. इंग्रजीत सेकंदभराहून मोठा थांबा आला की मराठी पुन्हा वर येते, म्हणून थांबे आधी कापा. इंग्रजीचा खरा अभ्यास इथेच आहे. 'आज गवार कडाडली' याचं शब्दशः भाषांतर करून बघा म्हणावं.

इमारत १८८६ची, हे एका वाक्यात उरकू द्या. पाठ केलेला इतिहास कुणी ऐकत नाही.

प्रश्नकर्ती
आभार. गट कसे पाडू?

प्रतिसाद १
चार-चारचे १२. गटाला १० मिनिटं, म्हणजे दोन फोनवर एका तासात सहा गट. दोन्ही फोन एकाच खोलीत नकोत. एक ग्रंथालयात, दुसरा संगणक खोलीत. ऐकायलाही दोन तास ठेवा, बारांची मिळून ३६ मिनिटं होतात. पालकांची लेखी परवानगी आणि मावशींचा होकार आधी घ्या. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं नको. मंडईतला अर्ध्या मिनिटाचा गलका वेगळा रेकॉर्ड करून आणा, तोच वापरा.