नाशिक ते गुहागर कॅराव्हॅनने: शीळफाटा-कळंबोली नेमकं किती वाजता ओलांडायचं?

घाटवळण

नमस्कार मंडळी. यंदा (२०२६) २६ जानेवारी सोमवारी आलाय, त्यामुळे शनिवार-रविवार जोडून गुहागरला जायचं घाटतंय. आम्ही नाशिकचे. गाडी म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन. मागे दोन बाक आहेत, रात्री त्यांचे पलंग होतात. एक ओटा, छोटा फ्रिज, १०० लिटरची पाण्याची टाकी, टपावर एसी. माणसं पाच: आई-बाबा, आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक.

रस्ता पडघा, माणकोली, मुंब्रा बायपास, शीळफाटा, तळोजा, कळंबोली, पळस्पे आणि पुढे मुंबई-गोवा. साधी कार असती तर विचारलंही नसतं. पण ही गाडी जड आहे, रांगेत पहिला, न्यूट्रल, पुन्हा पहिला असं अर्धा तास केलं की क्लचचा वास आत येतो. आईला गाडी लागते, आणि सलग चाललेल्या गाडीत कमी, थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत जास्त. बाबांना मधुमेह, त्यांना जेवण वेळेवर हवं. ओटा गाडीतच आहे हे खरं, पण मुंब्र्याच्या उतारावर पोळ्या कोण लाटणार?

माझा बेत असा: शुक्रवारी ऑफिस उरकून रात्री नऊला नाशिक सोडायचं, साडेअकरापर्यंत भिवंडी. मध्यरात्री शहर मोकळं मिळेल, बाकी सगळे मागे झोपतील, पहाटे महाडला चहा. शुक्रवार किंवा मंगळवार, एकाच दिवसाची रजा मिळेल. बेतात काही खोट दिसते का?


खाडीकाठ

मध्यरात्री मुंब्रा बायपास मोकळा? घाटवळणराव, आमच्या कळव्यात येऊन राहा एक रात्र. दुपारी तीनला जेवढे ट्रक दिसतात त्याहून रात्री साडेअकराला जास्त दिसतात.

त्यापेक्षा अटल सेतू का नाही घेत? शिवडीला चढलात की चिर्ल्याला उतरलात, तळोजा-कळंबोली सगळं टळलं.


गेटपास

खाडीकाठ, २१.८ किलोमीटरचा पूल सुरेख आहे, पण शिवडीला चढायचं तर आधी ठाणे, मुलुंड, घाटकोपर पार करून शिवडीला पोचायला हवं. कळंबोली टाळायला अख्खी मुंबई अंगावर घ्यायची! राहू द्या.

घाटवळणदादा, मी न्हावाशेवा बंदर ते भिवंडी कंटेनर लावायचं काम करते. कुठला ट्रेलर किती वाजता गेटबाहेर काढायचा, कुणाला कुठे थांबवून ठेवायचं, हेच दिवसभर. तुम्ही ज्या रस्त्याबद्दल विचारताय त्याचं घड्याळ माझ्या टेबलावर असतं म्हणा ना.

ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना दिवसभर मोकळीक नाही. वर्षानुवर्षं चालत आलेली वेळ अशी: दुपारी १२ ते ४ आणि रात्री १० ते पहाटे ५ या वेळात सोडतात, बाकी वेळ बंदी. तुमची गाडी अवजडमध्ये येत नाही, तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण तुम्ही जी वेळ निवडलीत ती नेमकी आमची वेळ. संध्याकाळपासून पडघ्याच्या अलीकडे, तळोज्यात, कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर, जागा मिळेल तिथे ट्रेलर उभे असतात. ड्रायव्हर जेवून, थोडी झोप काढून, दहा वाजायची वाट बघत असतात. दहा वाजले की सगळे एकदम सुटतात. बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे येणारे वेगळे, गोदामांतून बंदराकडे जाणारे वेगळे, गुजरातकडून घोडबंदरवरून उतरणारे आणखी वेगळे. मुंब्रा बायपासचा चढ भरलेला ४० फुटी ट्रेलर चालण्याच्या वेगाने चढतो, आणि त्याला मागे टाकायला दुसरा ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये त्याच वेगाने चढत असतो. एखादा चढावर बंद पडला की संपलं. दहा ते एक ही रात्रीतली सगळ्यात वाईट वेळ. दुपारी १२ ते २ चंही तेच.

म्हणजे या रस्त्यावर दोन गर्द्या आहेत, माणसांची आणि मालाची. सरकारने त्या एकमेकींना भेटू नयेत अशी वेळ वाटून दिली आहे, त्यामुळे एक संपली की दुसरी उभी. मधली फट एकच: पहाटे ५ ला ट्रक थांबतात, आधी आत शिरलेल्यांचं शेपूट पावणेसहापर्यंत ओसरतं आणि ऑफिसवाल्यांच्या गाड्या साडेसातनंतर भरायला लागतात. तुम्हाला ती फट पकडायची आहे. माणकोली पावणेसहाला, शीळफाटा सव्वासहा-साडेसहाला, आणि सव्वासात वाजता कळंबोलीचं सर्कल पाठीमागे. निघायची वेळ ठरवूच नका, माणकोलीला पोचायची वेळ ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

मग नाशिकहून पहाटे तीनला निघायचं का? नाही! तुमच्याकडे झोपायची गाडी आहे दादा. गुरुवारी संध्याकाळी सहाला नाशिक सोडा, साडेनऊच्या आत शहापूर-आसनगावला थांबा. पडघ्यापर्यंत ताणू नका, तिथे ट्रकांची उठाठेव सुरू असते, रात्रभर एअरब्रेकचे सुस्कारे ऐकत पडाल. मोठा ढाबा बघा, तिथेच जेवा, मालकाला विचारून मागच्या अंगाला गाडी लावा. आधी जेवलात की गाडी लावायला कुणी नाही म्हणत नाही. पहाटे पाचला उठून चालू. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा आहे, तो आठ किलोमीटरचा बोगदा कसाऱ्याचा घाट वाचवतो हे मान्य, पण टोल भरून वाचवलेला अर्धा तास तुम्ही ढाब्यावर घोरण्यातच घालवणार. जुन्या रस्त्याने या.

रजा म्हणून शुक्रवारची घ्या. शनिवारी पहाटे ट्रक थांबतात तसेच थांबतील, पण त्या दिवशी ठाणे, डोंबिवली, कल्याण सगळं कोकणात निघालेलं असतं, आणि त्यांनाही पहाटेचीच अक्कल सुचलेली असते. पळस्प्याला सगळे भेटतील.

आणखी एक, न विचारता सांगते. चालत्या गाडीत कुणालाही पलंगावर झोपवू नका. जोराचा ब्रेक लागला तर आडवं माणूस गडगडत ओट्यापर्यंत येतं. पोरीला तर अजिबात नाही. बसून, पट्टा लावून.


घाटवळण

गेटपासताई, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मॅपवर रात्री बाराला लाल रेघ दिसायची, मला वाटायचं कुठे काम चालू असेल.

झोपवण्याचं कळलं. बायकोने हा प्रतिसाद वाचून मला नुसतं बघितलं, म्हणजे तिने हे आधी सांगितलेलं होतं.

दोन शंका. शुक्रवारी माणगावचं काय? आणि परतीला सोमवारी काय करायचं? मंगळवारी सकाळी दहाला ऑफिसात असायलाच हवं.


सुधागड

मी पालीचा. शीळफाटा, कळंबोली, पनवेल, पेण, वडखळ, एवढं सगळं एका झटक्यात टाळायचं तर शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, वाकण असा राष्ट्रीय महामार्ग ५४८ अ आहे. वाकण फाट्याला थेट मुंबई-गोव्याला लागतो, नागोठण्याच्या पुढे. आसनगावला मुक्काम असेल तर दारातूनच सुरू झाला म्हणा.

रस्ता दुपदरी, गावागावात गतिरोधक. कॅराव्हॅनमध्ये भांडी नीट बांधा. शनिवारी कर्जतचा चारफाटा फार्महाउसवाल्यांनी भरतो, सकाळी आठच्या आत पार करा.

पण यंदा एक अडचण. माघी गणेश जयंती २२ जानेवारीला, म्हणजे तुम्ही ज्या गुरुवारी निघताय त्याच दिवशी. बल्लाळेश्वराचा मोठा उत्सव, पालीत पाय ठेवायला जागा नसते, रात्री उशिरापर्यंत बस आणि जीपा निघत राहतात. शुक्रवारी सकाळी गर्दी ओसरलेली असेल, तरी दुकानं-पाळणे रस्त्याकडेला असतातच. उंच गाडी आहे, मांडवाच्या दोऱ्या आणि पताका बघून चालवा.


गेटपास

सुधागड, जाताना नको. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सहा फुटांच्या गल्लीतून टपावर एसी असलेली गाडी घालायला कशाला सांगता पाहुण्यांना? फट सापडली असेल तर शीळफाट्याने सव्वा तासात पनवेल. पण परतीला हाच रस्ता, ते खाली सांगते.

माणगाव शुक्रवारी. तिथे बायपासचं काम रखडलेलं, बाजारपेठेतून जावं लागतं, आणि ताम्हिणी उतरून आलेले पुणेकर तिथेच येऊन मिळतात. गर्दी शुक्रवारी दुपारनंतर सुरू होते. तुम्ही सव्वासातला कळंबोली सोडलीत तर कर्नाळा ओलांडून पेणला नाश्ता करून साडेदहा-अकरापर्यंत माणगाव पार व्हायला हवं. बाबांचं जेवण महाडला. कशेडीला बोगद्यातून जा, घाट चढायची गरज नाही. परशुराम घाट उतरलात की चिपळूण, तिथे टाकी भरा. नाशिकहून निघताना टाकी पाव भरलेली पुरे. १०० लिटर म्हणजे १०० किलो, ते घाटात कशाला वाहायचं? अर्धवट टाकीतलं पाणी वळणावर हिंदकळतं, पण पाव टाकीत तेवढा जोर नसतो. क्लच तुम्हाला दुवा देईल.

परत येताना मात्र सोमवारी सकाळी आरामात नाश्ता करून निघायचा विचार मनात आणू नका. तीन दिवसांत खाली उतरलेली सगळी माणसं त्या एका दुपारी वर चढतात. माणगावची रांग लोणेऱ्यापर्यंत, पुढे कोलाड, वडखळ, आणि संध्याकाळी पळस्पे. त्यातून रडतखडत बाहेर पडलात की शीळफाट्याला रात्रीचे दहा वाजलेले असतील. तिथे आम्ही आहोतच.

म्हणून पुन्हा तेच करा, अडथळ्याच्या पलीकडे जाऊन झोपा. रविवारी दुपारचं जेवण गुहागरला, चारला निघा. रविवारी संध्याकाळी बहुतेक लोक अजून समुद्रावर असतात, कारण सोमवारची सुट्टी त्यांच्या हातात असते. रात्री माणगाव-इंदापूर पार करून कोलाडला मुक्काम. सोमवारी सहाला उठून वाकणला उजवीकडे वळा, पाली, खोपोली, कर्जत, मुरबाड, शहापूर. कर्जतला उलट दिशेने येणारे फार्महाउसवाले दुपारी निघतात, तुम्ही तोवर कसाऱ्याला.


खाडीकाठ

म्हणजे सोमवारची सुट्टी गाडी चालवण्यात. मग गुहागरला राहिलं काय, दोन रात्री?


गेटपास

शुक्रवार दुपार ते रविवार दुपार. शनिवारी रात्री निघून सोमवारी रात्री परतणाऱ्याला याहून कमीच मिळतात, आणि त्यातली एक तो वडखळला रांगेत काढतो.

ज्यांना ऑफिस नाही त्यांनी तर झेंडावंदन करून सोमवारी दुपारीच निघावं. खाली जाणारी बाजू अख्खी मोकळी, समोरून येणारे बिचारे बघत जायचं. मंगळवार ते गुरुवार गुहागर आपलंच. घाटवळणदादांच्या बाबांना सुचवून बघा, नातीची शाळा बुडेल एवढंच.


घाटवळण

बाबांना सुचवलं. ते म्हणाले, मग तू येऊ नकोस, मी ड्रायव्हर ठेवतो.

शुक्रवारचं पक्कं करतोय. शेवटचा प्रश्न: टपावरचा एसी धरून उंची तीन मीटरच्या जराशी वर जाते. या रस्त्यावर कुठे उंचीची कमान आडवी येते का?


गेटपास

मुख्य रस्त्यावर नाही. जिथून आमचे कंटेनर जातात तिथून तुमची गाडी आरामात जाते, त्यांची उंची चार मीटरच्या वर असते. भीती आतल्या रस्त्यांची. मॅप तुम्हाला पाच मिनिटं वाचवायला कळवा किंवा पनवेल गावात घालेल, तिथे रेल्वेखालून जाणारे ठेंगणे रस्ते आणि लोखंडी कमानी आहेत. मॅपने काहीही सांगितलं तरी जोवर पुढे ट्रेलर दिसतोय तोवर त्याच्या मागे राहा. आणि बंदीच्या वेळा सणासुदीला, रस्त्याचं काम निघालं की बदलतात, नवी अधिसूचना येते. बुधवारी संध्याकाळी ठाणे आणि नवी मुंबई वाहतूक पोलिसांचं पान एकदा उघडून बघा. काही बदललं असेल तर मला त्याआधीच कळलेलं असेल, इथे टाकेन.


सुधागड

परत येताना पालीला थांबा, सकाळी दर्शन पाच मिनिटांत होतं. गाडी एसटी स्टँडच्या अलीकडे लावा, देवळाकडच्या गल्लीत घालू नका.