मदत हवी आहे: पीएसीओटू (धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब) चढलेला असताना मेंदूच्या ऑटोरेग्युलेशनवर (रक्तदाब बदलला तरी रक्तपुरवठा स्थिर ठेवण्याच्या क्षमतेवर) भरवसा कसा ठेवायचा?

आयसीयूत एआरडीएसचे (फुप्फुसं तीव्र सुजून श्वसन निकामी होण्याचा आजार) व्हेंटिलेटरवरचे रुग्ण पाहतो. फुप्फुसं जपायला टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोमागे ६ मिलि ठेवला की काहींचा पीएसीओटू ६०च्या घरात जातो. फुप्फुसांसाठी हे चालवून घेतो, पण काळजी मेंदूची वाटते. कार्बन डायऑक्साइडमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या. रक्तदाब उतरला तर आणखी रुंदावायला वाव किती उरणार?

ट्रान्सक्रॅनियल डॉपलरवर (कवटीबाहेरून केलेला अल्ट्रासाऊंड) मेंदूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीतल्या रक्ताचा वेग आणि आर्टिरियल लाइनवरचा मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) एकत्र नोंदवून एमएक्सए (दाब आणि वेग किती सोबत बदलतात त्याचा सहसंबंध; जास्त म्हणजे ऑटोरेग्युलेशन कमजोर) काढला: १० सेकंदांच्या सरासऱ्या, ५ मिनिटांची विंडो. काहींमध्ये तो ०.३ च्या वर राहतो. नोंदणीदरम्यान नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब चढवणारं औषध) आणि सिडेशन बदललं नाही, सक्शन टाळलं. डेड स्पेस (वायूंची देवाणघेवाण न होणारा फुप्फुसांचा भाग) जास्त असल्यानं एंड-टायडलवर (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मापावर) विसंबलो नाही, आधी आणि नंतर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) केलं.

या रुग्णांना मेंदूची इजा नाही, त्यामुळे आयसीपी (कवटीतला दाब) मॉनिटर नाही. निअर-इन्फ्रारेडची (मेंदूतला ऑक्सिजन प्रकाशानं मोजण्याची) सोय नाही, एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) नाही. व्हेंटिलेशन वाढवून पीएसीओटू उतरवा, हा सल्ला कृपया नको; प्लॅटो प्रेशर (श्वास आत थांबवल्यावर फुप्फुसांतला दाब) आधीच ३०ला टेकलेलं असतं. कॅरोटिड दाबून करायची चाचणीही नको.

अशा रुग्णात एमएक्सए ०.३ च्या वर दिसला, तर तेवढ्यावरून मीन प्रेशरचं लक्ष्य ६५ वरून ७५-८० वर न्याल का? की आधी नॉरॲड्रेनलिननं दाब थोडा चढवून वेग सोबत चढतो का, हे पाहाल? आणि निर्णय घेण्याआधी किती मिनिटांची सलग नोंद पुरेशी मानता?