एक नंबरची कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून नाद सोडायचा होय?
(कुस्ती शौकिनांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कृष्णाकाठचा
दोन दिवस झाले, एक मजकूर सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक कुस्ती ग्रुपवर फिरतोय. लिहिणाऱ्याचं रडगाणं थोडक्यात असं: क्रिकेटचा शौकीन पंख्याखाली बसून सामना बघतो, आणि आपण दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत धुळीत बूड टेकून बसतो. शंभर जोड बघतो, आणि ज्या एक नंबरच्या, सगळ्यात मोठ्या कुस्तीसाठी आलो ती वीस मिनिटांच्या खडाखडीनंतर, म्हणजे उभ्याउभ्या एकमेकांचा अंदाज घेऊन झाल्यावर, बरोबरीत. शेवटी फुकटचा सल्ला: 'मातीची मैदानं सोडा, गादीवरची (मॅटवरची) कुस्ती बघा, तिथं निकाल तरी लागतो.'

आता उत्तर ऐका. खडाखडीत काही घडत नाही असं ज्याला वाटतं, त्याची नजर खांद्यावर असते. पायाकडं बघा. उजवा पाय पुढं टाकून उभा राहिलेला मल्ल एकेरी पटाला, म्हणजे एक पाय धरून पाडायला, तोच पाय देत असतो, म्हणून समोरचा त्याच बाजूला गोल फिरतो. मानेवर हात ठेवून दाबणं ताकद दाखवायला नसतं. दाबलेल्यानं मान ताठ करून वर उचलली की छाती उघडी पडते आणि पटात शिरायला वाट मिळते. ढाक मारणारा, म्हणजे दंड धरून समोरच्याला फेकणारा, आधी दोन-तीनदा नुसता दंड ओढून बघतो. ओढल्यावर समोरचा कुठला पाय पुढं टाकतो, वजन त्याच पायावर देतो का, एवढंच त्याला हवं असतं. चौथ्यांदा ओढतो तेव्हा ढाक बसते आणि मागं बसलेले म्हणतात 'अचानक मारली'. अचानक काही नसतं.

तसंच खाली घेतलेला गडी पोटावर सपाट झाला की लोक हुर्यो करतात. अहो, हातागुडघ्यांवर राहिला तर घिस्सा (उलटवून पाठीवर आणणारा डाव) खाईल, म्हणून तो सपाट होतो. आणि बसायचं तर पश्चिमेकडं पाठ करून बसा. पूर्वेकडं बसून उन्हाला शिव्या देणाऱ्यानं मैदानाला नावं ठेवू नयेत.

गुणफलक
व्वा. म्हणजे मैदान चांगलंच आहे, बघणाराच आंधळा. दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं खरं, पण ते खऱ्या खडाखडीला लागू. जत्रेतल्या निम्म्या मोठ्या जोडांत पहिली दहा मिनिटं कमरेखाली हातच जात नाही. दोघंही मान धरून उभे. कडेला आले की आपणहून थांबायचं, पंचाने मध्ये आणायचं, पुन्हा मान. याला खडाखडी नाही, नुरा म्हणतात, म्हणजे ठरवून केलेली कुस्ती.

गादीवर हे चालत नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती. जो नुसता उभा राहील त्याला आधी समज, मग 30 सेकंदांची मुदत, तेवढ्यात कुणालाच गुण घेता आला नाही तर समोरच्याला गुण. ढकलत वर्तुळाबाहेर काढला तरी 1. ताबा घेऊन खाली आणला तर 2. 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. सहा मिनिटांत कळतं कोण भारी.

माणदेशी
आवं गुणफलक, कागदावरचं नियम आमास्नी बी पाठ हायत. पर त्या गड्याच्या बाजूनं बघा की जरा. हंगामात आठ दिवसांत तीन मैदानं पडत्यात. सोमवारी पडला आन् गुडघा सरकला, तर पुढचं दोन जोड गेलं, इनाम गेलं, वर खुराक चालूच. दूध, बदाम, तूप, थंडाई, हे काय बरोबरीत सुटल्यावर अर्ध्या दरात मिळत न्हाय. बरोबरी झाली तर इनाम निम्मं-निम्मं तरी हातात येतं. हरला तर इनाम बी जातं आन् पुढल्या जत्रंत एक नंबरचा जोड तीन नंबरवर येतो. त्यो धोका कशापायी घ्यायचा, सांगा.

गुणफलक
म्हणजे ठरवून होते, हे मान्य केलंत. आभारी आहे.

माणदेशी
ठरवून न्हाय म्हणलो मी. जपून म्हणलो. दोन्हीत फरक हाय, तुमास्नी कळत नसंल तर सोडा.

शिट्टी
गुणफलक, गुण मोजले की भांडणं मिटतात असा तुमचा समज दिसतोय. महाराष्ट्र केसरी, पुणे, जानेवारी 2023. माती विभाग, पण निकाल गुणांवरच. महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख, डाव बाहेरची टांग. पंचांनी महेंद्रला 4 गुण दिले, आणि पुढचे कित्येक दिवस अख्ख्या महाराष्ट्राला एकच प्रश्न: 4 की 2? उभ्या कुस्तीतून थेट धोक्याच्या स्थितीत नेलं, म्हणजे पाठ जमिनीशी काटकोनापेक्षा कमी कोनात आली, तर 4. बाजूवर पडला आणि मग ताबा घेतला तर 2. खांदा किती वळला हे डोळ्यांनी अर्ध्या सेकंदात ठरवायचं. 2025 ला अहिल्यानगरमध्ये तर चितपट झाली की नाही यावरच पेटलं, आणि एकाच स्पर्धेत दोन नामवंत मल्लांवर 3 वर्षांची बंदी आली. कुठं गेला तुमचा गुणफलक?

गुणफलक
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गादीवर निर्णयाला आव्हान देता येतं, चित्रफीत पुन्हा बघता येते, आव्हान फसलं तर समोरच्याला 1 गुण जातो. ही सोय नीट वापरा एवढंच म्हणणं. जत्रेच्या मैदानात पंचाच्या निर्णयाला आव्हान म्हणजे काय? शंभर माणसं आखाड्यात घुसणं.

हलगीवाला
तुम्ही दोघं गुण मोजा, मी सत्कार मोजतो. फेटा बांधायला दोन मिनिटं, शाल-नारळ एक मिनिट, फोटो एक मिनिट. चाळीस पाहुणे म्हणजे 160 मिनिटं. शौकिनाचे सात तास जातात त्यातले पावणेतीन इथंच. आणि हे नुसतं कुस्त्या थांबवून नाही, चालू कुस्तीतही! गडी पटात शिरलाय, लंगोटाला हात गेलाय, आणि कर्ण्यावर निवेदक कुठल्यातरी संचालकांच्या चिरंजीवांचं स्वागत करतोय. हलगी-घुमकं कुस्तीच्या लयीत वाजायला पाहिजे. पकड बसली की चाल वाढली पाहिजे. इथं हलगी पुढाऱ्याच्या गाडीमागं पळतीय.

कृष्णाकाठचा
हे मात्र शंभर टक्के. सत्कार एकदाच, मोठ्या कुस्त्यांच्या आधी, सगळ्यांचे एकत्र. कोण ऐकतंय म्हणा.

लाल माती
मूळ रोगाला कुणी हात लावला नाही. कुस्त्या बरोबरीत सुटतात त्याचं निम्मं कारण माती आहे. हिशेब करा. आखाडा 30 फूट बाय 30 फूट. तालमीतल्या हौद्यासारखी (सरावाच्या आखाड्यासारखी) फूटभर मऊ माती हवी तर 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास. निदान सहा इंच म्हणाल तरी साडेचार ब्रास, आणि पाणी मारून दबली की त्यातही घट. जत्रा कमिटी टाकते किती? दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते, म्हणजे जेमतेम पावणेतीन इंच. खाली काळं रान, ते वाळलं की दगड. गड्यानं पहिली टाच मारली की लाल माती बाजूला सरते आणि पाय खालच्या कडक थराला लागतो. शंभर किलोचा मल्ल अशा जागी ढाक मारून स्वतःचा खांदा कशाला फोडून घेईल? तो मान धरूनच उभा राहणार. तुम्ही त्याला नुरा म्हणणार.

गुणफलक
हा मुद्दा... बरं, यात तथ्य आहे. पण मग हे गादीचंच समर्थन झालं ना? 9 मीटरचं वर्तुळ, 4 ते 6 सेंटिमीटर जाडी, सांगलीतलं कुंडल असो की परदेश.

लाल माती
समर्थन कसलं. गादीचा सांधा सुटला की पायाचं बोट त्यात अडकतं, वरचं कापड ढिलं असलं की सुरकुतीवर घोटा मुरगळतो. तिथंही मांडणारा माणूस लागतोच.

तालीमघर
मातीचा विषय निघालाच आहे तर नुसते ब्रास मोजू नका. नदीकाठची काळी माती चालत नाही, ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं. तांबडी आणावी, पण ती मुरमाड असते, म्हणून बारीक चाळणीतून काढावी. एक खडा राहिला तर कोपर सोललं. मग तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. ताक घातल्यावर कुदळीने खालवर करून दोन-तीन दिवस मुरू द्यायची.

परीक्षा सोपी आहे. मूठ वळा, लाडू झाला पाहिजे. बोटानं टोचला की फुटला पाहिजे. लाडूच होत नसेल तर कोरडी, धुरळा डोळ्यांत-नाकात जाणार आणि गुडघे भाजल्यासारखे सोलणार. टोचूनही फुटत नसेल तर पाणी जास्त, पाय रुतणार, वरचं अंग वळणार आणि गुडघा जाणार.

माणदेशी
तेल कमीच बरं. जादा घातलं की माती अंगाला लेपावानी बसती, पकड सुटती. आन् हळद पोतं-पोतं वतत्यात ती निस्ती फोटोपायी.

तालीमघर
हळद फोटोपायी? सांगलीत बसून हळदीला नावं? हळदीनं जखम चिघळत नाही, नायटा होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, सगळे खुळे होते काय?

शिट्टी
नायटा मातीपेक्षा अंगाला अंग लागून पसरतो. हळदीच्या भरवशावर राहणाऱ्या तालमीतच तो एकाचा दहा जणांना होतो. लंगोट रोज धुवायचा, उन्हात वाळवायचा, दुसऱ्याचा पंचा वापरायचा नाही, कसरत झाली की लगेच साबणानं अंघोळ, आणि चट्टा दिसला की तो गडी मातीबाहेर. हळद घाला, वास छान येतो.

तालीमघर
वास छान येतो! तुमच्यासारखे शिकलेले पंच झाले म्हणूनच कुस्तीची ही दशा झालीय.

शिट्टी
आणि तुमच्यासारख्यांनी नायट्याला तेल चोळलं म्हणून पोरं हंगामाला मुकली. ओरडून नियम बदलत नाही आणि रोगही बरा होत नाही.

हलगीवाला
लिंबू किती घालायचं त्यावर पण एक धागा काढा. तोवर इकडं फेटे बांधून होतील.

कृष्णाकाठचा
मंडळी, मूळ विषय शौकिनाचा होता. गुणफलक, एक सांगा. खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीत घडले. 1948 ला लंडनला आयुष्यात पहिल्यांदा गादीवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांत, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. माती वाईट असती तर हे झालं असतं?

गुणफलक
तुम्हीच उत्तर दिलंत. सहाव्याचे तिसरे कशाने झाले? मधल्या चार वर्षांत गादीचे नियम अंगात मुरवले म्हणून. मातीनं ताकद आणि पकड दिली, नाकारत नाही. पण पदक गादीवर लागलं.

कृष्णाकाठचा
'मातीनं ताकद आणि पकड दिली' एवढं तुमच्या तोंडून आलं, तेवढ्यावर आज भागवतो.

चौथी कुस्ती
मघापासून वाचतेय. गडी, पहिलवान, चिरंजीव. पहिली महिला महाराष्ट्र केसरी 2023 ला सांगलीतच झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली, तरी इथं कुणाला आठवण नाही. जत्रेत मुलींच्या कुस्त्या लावतात चार वाजता, ऊन तळपत असताना, माती सगळ्यात कोरडी असताना. मूठ वळून बघायची ती तेव्हा बघा. पाणी मारलं जातं ते सहाला, मोठ्या जोडांच्या आधी. तोवर मुलींची कोपरं सोलून झालेली असतात. आणि मुलींच्या कुस्त्या निकाली होतात बरं का. तक्रार बरोबरीची होती ना? मग चारला या.

माणदेशी
ताई, ह्यावर बोलायला तोंड न्हाय. पाणी दोनदा मारायला पायजे, साडेतीनला आन् सहाला. झारीनं, पाईपनं न्हाय. पाईपनं एका जागी चिखल हुतो.

गुणफलक
झारीने 900 चौरस फूट? टँकरवाला थांबेल का तेवढा वेळ?

लाल माती
पाईपला फवाऱ्याचं तोंड लावा, कडेपासून मध्याकडं या, आणि मारल्यावर अर्धा तास कुणाला पाय ठेवू देऊ नका. हाच अर्धा तास सत्काराला द्या. हलगीवाले खूश, माती खूश.

हलगीवाला
अर्ध्या तासात चाळीस फेटे? बांधणारे सहा जण लागतील.

तालीमघर
ट्रॉलीला पन्नास लिंबं. कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

शिट्टी
पिळून की नुसती टाकून?