मामांच्या पाण्याखालील छायाचित्रांचे काय करावे?

सागरगोटा (प्रश्न)

नमस्कार. माझे मामा बँकेत नोकरीला होते आणि 2011 पासून जवळजवळ प्रत्येक हंगामात ते चार दिवसांची रजा काढून मालवणला पाण्यात उतरत असत. आधी नुसते स्नॉर्कलिंग, पुढे रीतसर शिक्षण घेऊन स्कूबा डायव्हिंग, आणि निवृत्तीनंतर एकदा मालदीव, असा त्यांचा प्रवास झाला. कानाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी आता त्यांना मनाई केली आहे. गेल्या महिन्यात त्यांनी एक हार्ड डिस्क आणि दोन जाड वह्या माझ्या हाती देऊन "यातले कोणाच्या उपयोगी पडेल ते बघ" एवढेच सांगितले.

डिस्कवर सुमारे चौदा हजार छायाचित्रे आहेत. त्यांतली बरीचशी हिरवट, गढूळ पाण्यातली असून एकाच खडपाची (समुद्रातल्या खडकाची) छायाचित्रे पुन्हापुन्हा येतात. शिवाय जवळपास दीडशे छायाचित्रांत मामांच्या मनगटावरच्या घड्याळाखेरीज दुसरे काहीच नाही, आणि तीही बहुतेक अस्पष्ट आहेत. ही घड्याळाची छायाचित्रे आणि खडपाची सारखी दिसणारी छायाचित्रे काढून टाकावीत का, उरलेल्यांचे रंग सुधारून घ्यावेत का, आणि ती नेमकी कोणाला द्यावीत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मी स्वतः पाण्यात कधी उतरलेलो नाही.

खडप

कृपया एकही छायाचित्र पुसू नका, आणि घड्याळाची तर मुळीच नको. तुमच्या मामांनी ती चुकून काढलेली नसावीत. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की आतले घड्याळ पुष्कळदा मूळ तारखेवर जाते, आणि मग पुढच्या शेकडो छायाचित्रांवर चुकीचा दिवस आणि चुकीची वेळ नोंदली जाते. म्हणून जुने, काटेकोर छायाचित्रकार पाण्यात शिरताना पहिले छायाचित्र मनगटावरच्या घड्याळाचे घेतात. घड्याळातली वेळ आणि त्या छायाचित्रात कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ यांतला फरक काढला, की त्या डाइव्हमधल्या सगळ्या छायाचित्रांची वेळ एकदम दुरुस्त करता येते. तारीख वहीत मिळेल. प्रत्येक डाइव्हला एक, या हिशेबाने दीडशेच्या आसपासचा आकडाही जुळतो. वहीतल्या नोंदी मोजून पाहा.

आता त्या सारख्या दिसणाऱ्या खडपाविषयी. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे, पण तिथले प्रवाळ फार खोल नाहीत. पावसाळ्यात पाणी गढूळ होते आणि डायव्हिंग बंदच असते, त्यामुळे वर्षाचे मोजके महिनेच पाण्याखालचे काही दिसते. अशा ठिकाणी एकाच दगडावरचा एकच प्रवाळ बारा वर्षे, त्याच कोनातून टिपणारा माणूस दुर्मीळ असतो. पाण्याचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. 2014 ते 2017 या काळात हे जगभर घडले आणि एप्रिल 2024 मध्ये पुन्हा तशीच जागतिक घटना जाहीर झाली. त्या खडपावरचा प्रवाळ कोणत्या हंगामात फिका पडला, नंतर सावरला की त्यावर शेवाळ चढले, हे त्या छायाचित्रांच्या रांगेत पाहता येईल. नुसत्या सुंदर, एकेकट्या छायाचित्रांतून ते कधीच कळणार नाही.

रंगांबाबत माझे मत ठाम आहे: मूळ फाइलला हात लावू नका. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि पाच-सहा मीटरवरच तो जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून फ्लॅशशिवाय घेतलेले चित्र हिरवट-निळे येते. संगणकावर तांबडा रंग वाढवला की चित्र डोळ्यांना बरे दिसते, पण प्रवाळ खरोखर फिका होता की आपण त्याला तसे केले, हे मग सांगता येत नाही. घरी लावायची असतील तर वेगळ्या प्रती काढून त्यांचे रंग सुधारा.

निळी रेघ

खडप यांच्याशी पूर्ण सहमत. कोणाला द्यावीत याबद्दल मी सांगते, कारण मी स्वतः नऊ वर्षे आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी करण्याच्या संकेतस्थळावर सागरी जिवांची छायाचित्रे देत आले आहे. तिथे तारीख, ठिकाण आणि छायाचित्र असेल आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे प्रजातीवर एकमत झाले, तर ती नोंद संशोधनयोग्य ठरते. पुढे वापराचा परवाना खुला असेल तर ती जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक संग्रहात जाते. परवाना कोणता द्यायचा हे मामांनाच विचारा; छायाचित्रे त्यांची आहेत.

माझ्या हातून सुरुवातीला एक मोठी चूक झाली होती, ती तुम्ही टाळा. मी दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी नकाशावर मालवण बंदराच्या एकाच बिंदूवर टाकल्या. एका अभ्यासकाने नम्रपणे विचारले की प्रवाळावरची समुद्री गोगलगाय जेट्टीवर कशी सापडली, तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि प्रत्येक नोंद पुन्हा उघडून दुरुस्त करण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. मामांच्या वहीत खडपाचे नाव आणि खोली असेल, तर ती नोंदीसोबत जशीच्या तशी लिहा. समुद्रघोडा दिसला असेल तर मात्र नेमकी जागा झाकून ठेवा. समुद्रघोड्यांना 2001 मध्ये वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी ते चोरून पकडले जातात.

आणखी एक. गोगलगाईंची छायाचित्रे निवडताना डोक्यावरची दोन शिंगे आणि पाठीवरचे फुलासारखे कल्ले स्पष्ट दिसणारी आधी द्या. या दोन्हींशिवाय तज्ज्ञही ओळख सांगायला कचरतात.

सागरगोटा

दोघांचेही मनापासून आभार. काल मामांकडे जाऊन आलो. वहीत 152 डाइव्हच्या नोंदी आहेत आणि घड्याळाची छायाचित्रेही 152 आहेत. एका छायाचित्रात घड्याळ दहा वाजून बारा मिनिटे दाखवते आणि कॅमेऱ्याने चार बेचाळीस नोंदले आहेत; म्हणजे त्या वर्षी कॅमेरा बरोबर साडेपाच तास मागे होता. मामांना हे दाखवल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तो कॅमेरा नवा घेतला होता, त्यातली वेळ लावायची राहून गेली होती." खडपाचे नाव त्यांनी वहीत 'कासव' असे ठेवले आहे.

मालदीवच्या दक्षिण आरी प्रवाळद्वीपावर त्यांनी व्हेल शार्कची 38 छायाचित्रे घेतली आहेत. एकातही पूर्ण मासा मावलेला नाही. त्यांचा काही उपयोग आहे का?

निळी रेघ

आहे, आणि पूर्ण मासा नसला तरी चालतो. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि ती बदलत नाही. शेवटच्या कल्ल्याच्या फटीमागचा, छातीच्या पराच्या वरचा भाग ओळखीसाठी वापरतात. आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्याची एक पद्धत 1986 मध्ये प्रसिद्ध झाली होती. 2005 मध्ये तीच पद्धत या ठिपक्यांसाठी वापरात आणली गेली, आणि आज शार्कबुक या संकेतस्थळावर जगभरातल्या हौशी डायव्हरांची छायाचित्रे अशीच जुळवली जातात. डावी बाजू मुख्य मानतात, म्हणून ती आधी पाठवा. उजव्या बाजूचीही जपून ठेवा. तोच मासा आधी किंवा नंतर कोणाला दिसला असेल, तर ते मामांना कळू शकेल.

सागरगोटा

38 पैकी 11 डाव्या बाजूची निघाली. मामा रविवारी वह्यांची उजळणी करायला आमच्याकडे येणार आहेत. 'कासव' पासून सुरुवात करू.