लांब क्लॅम्प नाही, सागवानी फळ्या जोडायच्यात, काय जुगाड करता येईल?

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीतल्या जुन्या घराच्या दाराच्या तीन सागवानी फळ्या आहेत, २०१९ च्या पुरात दार भिजलं तेव्हा काढून माळ्यावर टाकलेल्या, आता खडखडीत वाळल्यात. कडेला कड लावून चिकटवायच्या आणि पोरीला अभ्यासाचं टेबल करायचं, दोन फूट रुंदी होईल. माझ्याकडं करवत, रंधा, पटाशी आणि ड्रिल आहे, पण फळ्या बाजूनं आवळून धरायला लांब क्लॅम्प नाही आणि एका कामासाठी घ्यायला जिवावर येतंय. मिस्त्रीकडं मागितला तर म्हणतो टेबलच माझ्याकडं टाका की! फेविकॉल लावून वर दगड ठेवले तर चालेल का?

कराडकर:
दगडानं दाब येणार वरनं, तुम्हाला पायजे बाजूनं. पाचर मारा. एक सपाट जाड प्लाय घ्या, त्याच्यावर एका बाजूला पट्टी स्क्रूनं पक्की करा, फळ्या तिला टेकवा, दुसऱ्या बाजूला इंच-दोन इंच जागा सोडून दुसरी पट्टी मारा, पहिलीला समांतर. त्या फटीत पाचरींच्या दोन-तीन जोड्या बसवायच्या, जोडीतल्या दोन्ही पाचरी एकमेकींच्या उलट तोंडानं, म्हणजे ठोकल्यावर तिरक्या न सरकता फळ्या सरळ ढकलल्या जातात. उतार कमी ठेवा, फूटभर लांबीला इंचभर पुरे, जास्त केला की मागं घसरतात. खाली प्लास्टिक कागद टाकायला विसरू नका, नायतर टेबल प्लायसकट उचलावं लागंल. आवळल्यावर फळ्या मधनं वर उठायला बघतात, तेव्हा आडवी पट्टी टाकून तिच्यावर तुमचे दगड ठेवा, आता कामाला येतील.

वाईकडचा:
प्लाय पण नसली तर दोरी. फळ्यांभोवती दुहेरी गुंडाळायची, मधी काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी अडकवून ठेवायची. कडांना पुठ्ठा लावा नायतर दोरीचे वळ पडतात. खुर्चीचे पाय, गोल काहीबाही असलं तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, त्याच्याएवढं भारी काय नाय.

मिरज जंक्शन:
सगळे क्लॅम्पच्या मागं लागलेत पण खरं काम कडेचं आहे राव. दोन फळ्या एकावर एक उभ्या धरून उजेडाकडं बघा, फटीतनं उजेड दिसला तर कितीबी आवळा, पुढं सांधा उघडणारच. कड बरोबर बसली असेल तर फेविकॉलला हलका दाबच पुरतो, उगीच जीव खाऊन ठोकलं तर सगळा फेविकॉल बाहेर येतो आणि सांध्यात काय उरतच नाही. रंधा मारताना दोन्ही फळ्या पाठीला पाठ लावून एकत्र पकडा आणि दोन्ही कडा एकदमच रंधा. रंधा थोडा तिरका गेला तरी एकीचा कोन ८९ झाला तर दुसरीचा ९१, उलगडून जोडल्यावर सपाटच येतं. आणि दाराच्या फळ्या आहेत म्हणताय तर आधी चुंबक फिरवा, आत मोडका खिळा असला तर रंध्याचं पातं गेलंच. सागाला तेल असतं, ताज्या रंधलेल्या कडेला थिनरचा बोळा फिरवायचा, तो उडून गेला की लगेच चिकटवायचं.

विश्रामबागकर:
हे डोक्यातच नव्हतं, बरं झालं. रंध्याचं पातं मी पॉलिश पेपरवर लावतो, चालतंय ना? गुण्या पण नाही माझ्याकडं, टेबलाच्या चौकटीचा काटकोन कसा बघू?

वाईकडचा:
पॉलिश पेपर काचेवर चिकटवा आणि पातं एकाच कोनात धरून घासा. काटकोनाला टेप घ्या, कोपऱ्यापासनं एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ४० सेंमी खूण करा, तिरकं अंतर ५० आलं की काटकोन. चौकट तयार झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या आणि कर्णही सारखे आले तर झालं काम.

कराडकर:
एक राहिलं. वरची फळी चौकटीला थेट स्क्रूनं गच्च आवळू नका. लाकूड रुंदीत फुगतं आणि आखडतं, पावसाळ्यात ह्या बाजूला दिसतंच की, दारं अडकतात ना. मधला स्क्रू पक्का, बाकीच्यांची चौकटीतली भोकं कानशीनं रुंदीच्या दिशेनं लांबुळकी करा आणि वॉशर टाका. नायतर सांधा नाय उघडला तर फळी चिरणार.