उंदरानं कुरतडलेली वायरिंग: जोडून घ्यायची की अख्खा हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) बदलायचा?

बॉनेटउघडा
मंडळी, हा धागा वाद घालायलाच काढलाय. वडील आणि मी आठ दिवस घरात भांडतोय, आता तुम्हीही भांडा.

आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, १,१९७ सीसी. इंदुरात टिळकनगरला बिल्डिंगखाली उभी असते. मे महिन्यात आम्ही दहा दिवस देवासला लग्नघरात होतो. परत येऊन चावी फिरवली तर गाडी सुरू झाली, पण रेडिएटरचा पंखा पहिल्याच क्षणाला घोंघावायला लागला आणि चेक लाइट पेटला. गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं स्कॅनर लावला. कोड आला पी ०११८ आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवलं उणे ४०! बाहेर इंदूरचं ऊन, बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि गाडीला वाटतंय आपण सियाचेनला उभे आहोत.

कारण साधं होतं. हा सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो. वायरच तुटली की रोध अमर्याद, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कडाक्याची थंडी. मग भरवशाचा आकडा नाही म्हणून तो सावधगिरीनं पंखा चालूच ठेवतो. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली लेंड्या, बॉनेटच्या अस्तराचा कापूस आणि अर्धी कुरतडलेली आंब्याची कोय. आमच्याकडे यंदा आंबा उशिरा आला, तेव्हा कोय कोणाची हा वेगळा धागा होईल.

एकूण अकरा वायरी खाल्लेल्या. सर्व्हिस सेंटर म्हणालं, आम्ही जोडकाम करत नाही, इंजिनचा अख्खा हार्नेस बदला. माल ३४,००० रुपये, मजुरी ८,०००, आणि माल यायला तीन आठवडे. गल्लीतल्या माणसानं ३,८०० रुपयांत एका दिवसात जोडून दिलं. गाडी मस्त चालतेय. वडील एमपीईबीतून, म्हणजे मध्य प्रदेश वीज मंडळातून निवृत्त, त्यांचं एकच पालुपद: "जोडलेली तार ही तुटायची वाट बघत असते."

माझं मत सरळ आहे. अकरा वायरींसाठी दीडशे वायरींचा हार्नेस फेकून देणं म्हणजे दात किडला म्हणून जबडा बदलणं. बोला.

भेरूघाट
वडिलांचं ऐक. माझ्या गाडीचीही अशीच गल्लीत "मस्त" जोडणी झाली होती. मार्चमध्ये केली, जुलैत खंडवा रोडनं जाताना भेरूघाटाच्या चढावर इंजिन खटकन बंद. मागे ट्रक, गाडीत आई आणि चार वर्षांची मुलगी. पार्किंग लाइट लावून बाहेर उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते. नंतर कळलं, क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचं फिरणं ओळखणाऱ्या) वायरीचा जोड. टेप सोलली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं, हात लावताच सुटलं. त्या दिवशी ३४,००० रुपये मला फार वाटले नाहीत. हार्नेस बदलला.

बॉनेटउघडा
दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण तो जोड नव्हता. तो पीळ मारून वर टेप गुंडाळलेला प्रकार होता. त्याला जोड म्हणायचं तर सुतळीनं बांधलेल्या दाराला बिजागरी म्हणावं लागेल.

पिथमपूर शिफ्ट
मी पिथमपूरला हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यातच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट बॉनेटउघडाच्या बाजूची. कंपनीतून आलेल्या कोऱ्या हार्नेसमध्येही जोड असतात. एका फ्यूजवरून चार ठिकाणी करंट न्यायचा तर आत कुठेतरी वायरी एकत्र येतातच, आम्ही त्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडतो. तेव्हा जोड म्हणजे पाप हे डोक्यातून काढा.

दुसरी गोष्ट त्याच्या विरुद्ध. सेन्सरची वायर साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटरची, आत केसासारख्या सोळाएक तारा. उंदराचा दात सगळ्याच तोडत नाही. कधी पंधरा तुटतात आणि एक उरते. मीटर लावला तर मीटर "टूं" म्हणणारच, त्याला एक तार पुरते. गाडी भाराखाली असताना वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजला तरच खरं कळतं. तुमच्या इलेक्ट्रिशियननं डोळ्यांना दिसल्या त्या अकरा जोडल्या. काळ्या खाचांच्या नळीच्या आत दात लागलेली बारावी असेल तर? ती सहा महिन्यांनी बोलेल.

आणि काही वायरींना गल्लीत हात लावूच देऊ नये. पिवळ्या नळीतल्या एअरबॅगच्या वायरी बदलायच्याच, जोडायच्या नाहीत. कॅनची (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांची) जोडी एकमेकींना पीळ देऊनच ठेवलेली असते. जोडताना तो पीळ हातभर उलगडला तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि गाडी काहीही कोड फेकते. (बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये मीटर लावा, ६० ओहमच्या आसपास यायला हवं. दोन टोकांना १२० चे दोन रोध असतात म्हणून.) ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला तर सोल्डर चालतच नाही. त्या सेन्सरला तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच मिळते. कथील भरलं की त्याचं नाक बंद.

तुमच्या अकरामध्ये यातल्या किती होत्या, ते सांगा. मग मत देतो.

बॉनेटउघडा
पाण्याच्या तापमानाच्या दोन, इंजेक्टरच्या चार, हवेच्या सेन्सरच्या तीन, पंख्याच्या दोन. एअरबॅगची एकही नाही. ऑक्सिजनची नाही. कॅन तिथून जातच नाही.

पिथमपूर शिफ्ट
मग जोडणं बरोबर होतं. कसं जोडलं हा प्रश्न उरतो.

हिशेबनीस
इथे कोणी विम्याचा हिशेब मांडत नाहीये, मी मांडतो. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर विषय संपला. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर ४२,००० चं बिल असं उतरतं: विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं हार्नेस प्लॅस्टिक-रबरात धरला तर घसारा ५० टक्के, म्हणजे ३४,००० चे १७,०००. त्यात मजुरी ८,०००. त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा. हातात २४,०००, खिशातून १८,०००. वर नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) शून्यावर. तो ५० टक्क्यांवर पोचायला पाच बिनदाव्याची वर्षं लागतात. आठ वर्षांच्या गाडीला घसारा न कापणारं झिरो डेप बहुतेक कंपन्या देतही नाहीत.

३,८०० च्या कामासाठी क्लेम करणं तर निव्वळ वेडेपणा, २,८०० मिळवायला बोनस घालवायचा. पैशाच्या बाजूनं बॉनेटउघडा जिंकला.

भेरूघाट
घाटात बंद पडलेल्या गाडीची किंमत तुमच्या हिशेबात कुठे आहे, साहेब?

हिशेबनीस
नाही. ती मला मांडता येत नाही, हे मान्य.

निंबू_मिरची
मी उलट बाजूनं भाजून निघालेली. राजेंद्रनगरला राहते. मागच्या वर्षी अख्खा हार्नेस विम्यातून बदलला, नवाकोरा. सत्तराव्या दिवशी उंदरानं तोच कोपरा पुन्हा खाल्ला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा माझ्याकडे असं बघत होता की जणू मीच चावले. नव्या हार्नेसनं उंदराला फक्त ताजं ताट वाढलं. आता मी जोडूनच घेते, आणि जो पैसा वाचतो तो जाळीला लावते.

सोयाबीनपुत्र
मुळात दोष कंपन्यांचा. हल्ली वायरीचं आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर खातात. इंदूरला बसून हे आपल्याला कळायला नको? सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे, माळव्याचं अर्धं पोट सोयाबीनवर!

पिथमपूर शिफ्ट
भिया, मी रोज मैलभर वायर हाताळतो. आमच्याकडे येणारं आवरण पीव्हीसीचं किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिथिनचं असतं. अमेरिकेत या सोयाच्या मुद्द्यावर टोयोटाविरुद्ध २०१६ मध्ये दावा झाला होता हे खरं, पण उंदीर सोयासाठीच येतो हे त्यानं सिद्ध होत नाही. आजोबांच्या फियाटच्या वायरीही उंदीर खातच होते, आणि घरातली पाण्याची पाइप तो कोणत्या सोयासाठी कुरतडतो? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, घासले नाहीत तर तोंड मिटणार नाही. तो वायर खात नाही, कुरतडून टाकतो. ट्रेखाली बघा, आवरणाचे तुकडे तिथेच पडलेले असतात.

बॉनेटउघडा
हो, कोयीशेजारी निळ्या-पांढऱ्या वायरींचा चुरा होता, जत्रेतल्या कागदी फुलांसारखा.

मालवी_आजोबा
तुम्ही सगळे वायरींत गुंतलात. पेट्रोलची रबरी नळी कोणी तपासली का? एका ओळखीच्या गाडीत वायर शाबूत, नळीवर दाताची खूण. वास येत होता, "पंपावरच सांडलं असेल" म्हणून सोडून दिलं. नशीब, पेटली नाही. वायर तुटली तर गाडी थांबते, नळी गळली तर पेटते. आधी नळी, मग वायर. ब्रेकच्या व्हॅक्यूमची नळीही बघा.

आणि ती घाण उघड्या हातानं काढू नका रे. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. हातमोजे घाला, आधी जंतुनाशक शिंपडा, मगच पुसा. त्याच वासावर दुसरा उंदीर माग काढत येतो, म्हणून इंजिन बे धुतल्याशिवाय कुठलाच उपाय करू नका.

बॉनेटउघडा
काका, नळी बघितली नव्हती. आत्ता बघून आलो. ठीक आहे.

सोयाबीनपुत्र
मग तंबाखूची पानं ठेवावीत की डांबराच्या गोळ्या? आणि ते कानाला न ऐकू येणारं यंत्र?

निंबू_मिरची
तिन्ही केलं. तंबाखू पहिला आठवडा चालतो, मग इंजिनच्या उष्णतेनं त्याचा वास जातो. डांबरगोळ्यांचा वास एसीतून थेट आपल्याच नाकात. यंत्राबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं पाठवून तंबी दिली होती, दाव्यांना पुरावा द्या म्हणून. माझ्या यंत्राचीच वायर खाल्ली, यापेक्षा मी काय सांगू. विष तर मुळीच नको, ब्लोअरमध्ये जाऊन मेला तर महिनाभर काचा उघड्या ठेवून फिरावं लागतं.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. खालच्या बाजूनं ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी, आणि होंडा विकते ती मिरचीच्या अर्काची टेप. टेप महाग आहे, म्हणून फक्त हव्या तेवढ्याच फांदीवर गुंडाळली. माझं नाव त्यावरूनच.

सुदामानगरकर
२०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा पहिला नंबर, आणि उंदीर तरी आहेतच! कारण आम्हीच. कचरागाडी सकाळी येते आणि आमची मंडळी ओल्या कचऱ्याची बादली रात्रीच जिन्याखाली ठेवतात. रात्रभर पंगत, मग विश्रांतीला शेजारचं गरम इंजिन. बॉनेटउघडा, तुझी कोय तिथूनच आली. बादली सकाळीच खाली आणायचा नियम करा, हार्नेस-बिर्नेस नंतर.

(आमच्या मातोश्री म्हणतात, खजराण्याच्या गणपतीला जाऊन येता आणि त्याच्याच वाहनाला पिंजरा लावता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पिंजरा लावला आहे.)

भेरूघाट
धागा भलतीकडे गेला. मूळ प्रश्नावर या. बॉनेटउघडा, तू म्हणतोस की तुझा "खरा जोड" आहे. टेप सोलून बघितलास?

बॉनेटउघडा
नाही. त्याच्यावर विश्वास आहे.

भेरूघाट
माझाही होता.

पिथमपूर शिफ्ट
सोल एकदा. काय असायला हवं ते सांगतो. दोन टोकं धातूच्या नळीत घालून पक्कडीनं दाबलेली, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (उष्णतेनं आवळणारी नळी), गरम केल्यावर कडेनं गोंदाचा थेंब बाहेर आलेला. नुसतं सोल्डर असेल तर कथील आवरणाखाली चढून वायर तिथे काडीसारखी कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं त्या कडेलाच तुटते. ते असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना आधार बांधून घे. आणि अकरा जोड एकाच जागी नकोत, पुढेमागे हवेत. नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि नळीत मावत नाही म्हणून उघडं राहतं.

बॉनेटउघडा
(दुसऱ्या दिवशी)

रविवार सकाळ, पोहे खाऊन खाली गेलो. वडीलही आले, टॉर्च हातात धरून. गाडीच्या बॅटरीची ऋण तार आधी सोडली. टेप सोलायला पाऊण तास लागला, उन्हानं चिकट झाली होती.

नऊ जोड पिथमपूर शिफ्टनं लिहिलं तसेच. दाबलेली नळी, स्लीव्ह, कडेला गोंदाचा मणी, एकापुढे एक सरकवलेले. बघून बरं वाटलं. उरलेले दोन पंख्याच्या वायरींचे. ते जाड, त्याच्याकडची स्लीव्ह बसली नसणार. पीळ आणि टेप. एका जोडाजवळ टेप तपकिरी होऊन वितळायला लागलेली. म्हणजे सेन्सरला जपलं आणि सगळ्यात जास्त करंट खाणाऱ्या दोन वायरी सुतळीनं बांधल्या!

वडील काही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी तो जोड फक्त माझ्यासमोर धरला.

भेरूघाट, तुम्ही सोलायला लावलंत म्हणून आभार. तरी हार्नेस बदलत नाहीये. जेल रोडवरून जाड मापाच्या नळ्या आणि स्लीव्ह आणल्या, वडिलांनी स्वतः दाबून दिल्या. मग पंखा चालू ठेवून दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजला, वडिलांच्या जुन्या मीटरवर काटा जेमतेम हलला. इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, "भैया, वो दो तो शाम को लगाए थे, दुकान बंद कर रहा था।"

भेरूघाट
मी अजून हार्नेसवाल्यांच्याच बाजूचा. सगळ्यांच्या घरी एमपीईबीतले वडील नसतात.

सुदामानगरकर
कोय कोणाची ते कळलं का?

बॉनेटउघडा
तिसरा मजला. बादली अजून रात्रीच खाली येते.